आइतबीकेची आरेबेक

चाळिसाव्याच्या जेवणाला उलमेकेन म्हातारी आली नाही, तेव्हा सर्बिनाजचा उरलासुरला धीरही खचला.

अरल समुद्राकाठी, मोयनाकच्या अलीकडच्या त्या कोळ्यांच्या वस्तीत असं कधी झालं नव्हतं. मेलेल्या बाईला ज्यांनी अंघोळ घातली, त्यांना चाळिसाव्याला सगळ्यांच्या आधी बसवायचं, मांसाची पहिली परात त्यांच्यापुढे ठेवायची, आणि जाताना गेलेलीच्या कपड्यांतला एकेक कपडा हातावर ठेवायचा, ही रीत. सर्बिनाजच्या आईला, आइतबीकेला, अंघोळ घातली तेव्हा उलमेकेनने डोकं धरलं होतं. म्हणजे पहिला मान तिचा. आणि तिने सुनेकडून निरोप धाडला होता, की गुडघा धरलाय, पाऊल टाकवत नाही.

तो गुडघा सकाळीच बादली घेऊन कालव्यावर जाताना एम्बेरगेनने पाहिला होता. त्याने बहिणीला तसं सांगितलं, पण हसला नाही. सर्बिनाजही हसली नाही. म्हातारी आपल्याला टाळते आहे हे तिला केव्हाच कळलं होतं. दारात गेलं की सून म्हणायची, निजल्यात. कधी म्हणायची, बोरू कापायला गेल्यात. आणि आत पडद्यामागे पांढऱ्या रुमालाचं टोक हलायचं. टाळण्याचं कारण एकच असू शकत होतं. आईच्या नाकातली आरेबेक निघाली नव्हती. ती तशीच मातीत गेली होती.

आइतबीके ही त्या पट्ट्यात नाकात आरेबेक असलेली बहुधा शेवटची बाई. उजव्या नाकपुडीला चिकटून बसलेली सोन्याची जाड तार, तिच्या टोकाला मेंढ्याच्या शिंगासारखं वेटोळं, वेटोळ्याच्या पोटात पिरोजाचे दोन बारीक खडे. चिंबाई गावच्या सोनाराने ती लग्नात घडवली होती. त्या काळी मुलगी सासरी आली की बायका आधी तिचं नाक बघत आणि मग डोळे. सर्बिनाजच्या नाकाला छिद्र नव्हतं. ती सरकारी वसतिगृहात वाढली, नुकूसला शिकली आणि तिथेच शिक्षकांच्या कॉलेजात भूगोल शिकवू लागली. तिच्या पिढीतल्या कुणाच्याच नाकात काही नव्हतं.

वस्तीतल्या आरेबेकी कशा गेल्या, हे आई रंगवून सांगायची. सामुदायिक शेती झाली त्या वर्षी वस्तीत एक तरणा कार्यकर्ता आला, लाल कापड घातलेलं टेबल मांडलं, आणि बायकांना म्हणाला, जुन्या गुलामीच्या खुणा इथे ठेवा. बायकांनी एकमेकींकडे पाहत आरेबेकी काढून ठेवल्या. उलमेकेनने पण ठेवली. आइतबीकेची पाळी आली तेव्हा ती टेबलावर वाकली, त्याच्या तोंडापुढे नाक नेलं आणि म्हणाली, माझी निघत नाही बाबा, तूच ओढ. पोरगा कानापर्यंत लाल झाला. बिनलग्नाचा होता. त्याने कागदावर काहीतरी खूण केली आणि म्हणाला, पुढची या.

अशा तऱ्हेने ती आरेबेक वाचली, आणि पुढे वस्तीत येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची चीज झाली. मॉस्कोहून एक अभ्यासक आला, त्याने दोन दिवस बसून नुसतं नाकाचं चित्र काढलं. उजव्याच बाजूला का, ख्वारज्मच्या बाजाराकडच्या बायकांची वेगळी असते का, मुलीला टोचताना कोणतं गाणं म्हणता, सतराशे साठ प्रश्न. आई म्हणाली होती, एवढ्या लांबून आला आणि फक्त नाक घेऊन गेला, बाकीची मी त्याला नको होते. एकदा क्लबात हिंदुस्थानातला सिनेमा लागला. पडद्यावर नवरी आली, नाकात बांगडीएवढं कडं आणि त्याची साखळी थेट कानापर्यंत. सगळा क्लब वळून आइतबीकेकडे बघू लागला. ती शेजारणीला म्हणाली, आपलीच माणसं दिसतात, पण ही जेवते कशी? पुढे नवरी रडू लागली तशी आईसुद्धा रडली, आणि घरी आल्यावर नाक पुसताना आरेबेक आडवी आली म्हणून चिडली.

पण त्याच आरेबेकीची तिला एक भीती होती, आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती.

आइतबीके नवी सून होती तेव्हा उपासमारीच्या वर्षी तिची आई चिंबाईच्या वाटेवर मेली. अंघोळ घालायला बाई नव्हती. बरोबरच्या पुरुषांनी वाळूच्या उतारावर खड्डा केला आणि अंगावरच्या सगळ्यासकट तिला पुरलं. नाकातली आरेबेक तशीच. त्यानंतर आइतबीकेला स्वप्न पडू लागलं. आई उंबऱ्याशी येऊन बसते, बोलत नाही, फक्त एका नाकपुडीने जड श्वास घेते. म्हातारपणापर्यंत ते स्वप्न गेलं नाही. म्हणून ती मुलांना सांगे, मला माती द्याल तेव्हा नाकात काही ठेवू नका. मला मोकळ्या नाकाने जाऊ द्या.

आणि वयाबरोबर आरेबेक खरोखरच निघेनाशी झाली. नाकपुडी जाड झाली, वेटोळं मांसात रुतलं. कापल्याशिवाय ती सुटणार नव्हती. मागच्या वसंतात सर्बिनाज म्हणाली होती, आई, मी कापीन, माझ्या हाताने. तिने नुकूसच्या घड्याळवाल्याकडून एक छोटी, धारदार पक्कड आणली. आईने ती अंगठ्यावर घासून पाहिली आणि म्हणाली, या नाकाला पत्रे कापायची कातर लागेल. पण तिचा चेहरा निवला होता.

मग आई गेल्याची तार आली तेव्हा सर्बिनाज ताश्कंदला होती, शिक्षकांच्या उन्हाळी वर्गाला. धुळीचं वादळ उठलं, विमान दिवसभर उभं राहिलं. ती वस्तीत पोचली तेव्हा पुरुषांनी जनाजा खांद्यावर घेतला होता. पांढऱ्या कापडाखाली आईचा चेहरा कुठे आहे ते कळत होतं, बाकी काही कळत नव्हतं. पक्कड तिच्या पर्समध्ये होती. चार माणसांसमोर जनाजा खाली ठेवा म्हणायला तिचं तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी तिने वहिनीला विचारलं. पालजादा दिवसभर चुलाणावर होती, तिने काही पाहिलं नव्हतं. काढलीच असेल, असं कोण ठेवेल, असं ती म्हणाली. पण मग आरेबेक कुठे होती? पेटीत नव्हती, उशीखाली नव्हती, घरात कुठेच नव्हती. पालजादाने घरोघर जाऊन विचारलं. पाणी ओतणारी म्हणाली, मी पायांकडे होते. दुसरी म्हणाली, अंघोळीच्या फळीवर जे दिसतं ते फळीवरच राहतं, ते बोलायचं नसतं पोरी. हे खरंच होतं. मेलेल्याच्या अंगावर काय पाहिलं ते अंघोळ घालणारी बाई कुणाला सांगत नाही. सर्बिनाजला ही रीत माहीत होती आणि एरवी ती तिला आवडलीही असती.

ती पुस्तकं वाचणारी बाई होती. मेल्यावर माणसाला सोन्याचं ओझं होतं यावर तिचा विश्वास नव्हता. पण आईचा होता. आणि चाळीस दिवसांत सर्बिनाजला एकदासुद्धा धड झोप लागली नव्हती. डोळा लागला की कुणीतरी जड श्वास घेतंय असं वाटून ती उठून बसे, आणि तो आपलाच श्वास आहे हे कळायला तिला वेळ लागे.

जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा एम्बेरगेन तिच्याशेजारी येऊन बसला. तो बोटीवरचा माणूस, कमी बोलणारा. त्याने बराच वेळ हाताच्या रेषा चोळल्या. मग खाली बघत म्हणाला, "तू सांगशील तर मी उघडतो. वाळू आहे, वेळ लागणार नाही. मुल्लाला मी सांभाळून घेईन."

तो थट्टा करत नव्हता. तोही झोपला नव्हता, हे तिला त्या क्षणी दिसलं. उद्या तिला नुकूसला परतायचं होतं, वर्ग सुरू होणार होते. तिने नाही म्हटलं तर दोघं जन्मभर हे घेऊन फिरणार, आणि हो म्हटलं तर भाऊ आईची कबर उकरणार.

"थांब थोडा," ती म्हणाली.

उलमेकेनच्या वाट्याचा कपडा बाजूला ठेवला होता. आईचं निळं मखमली जाकीट, सणाचं. सर्बिनाजने ते रुमालात बांधलं आणि निघाली. पुढच्या दाराने गेली नाही. लहानपणी उलमेकेनच्या घरी खारे मासे चोरायला ती ज्या वाटेने जायची, त्या बोरूच्या कुंपणातल्या फटीतून, वाकून, पन्नाशीच्या कमरेने कुरकुरत ती मागच्या अंगणात शिरली.

उलमेकेन सावलीत बसून मासे साफ करत होती. गुडघा व्यवस्थित दुमडलेला होता. समोर सर्बिनाज उभी दिसताच तिचा सुरी धरलेला हात थांबला. पळायला जागा नव्हती.

"बैस," ती शेवटी म्हणाली. "माशांचा वास येईल तुला."

"येऊ दे. मी इथलीच आहे, शेशे."

सर्बिनाजने गाठोडं तिच्या पुढ्यात ठेवलं. म्हातारीने ते उघडलं नाही, हातही लावला नाही. ती म्हणाली, हे मला नको, दुसरीला दे. मानाचा कपडा कुणी परत करत नाही. तिने विचारलं तेव्हा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक आला.

"शेशे, फळीवरचं सांगू नका. मी ते विचारत नाही. फक्त एवढं सांगा, आई मोकळ्या नाकाने गेली का?"

उलमेकेनने तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, जणू समोर दुसरंच कुणी बसलंय. तिच्या उजव्या नाकपुडीवरचं जुनं छिद्र आता तिळाएवढं उरलं होतं. दोघी मैत्रिणींची नाकं एकाच दिवशी, एकाच सुईने टोचली होती. टोचणारी उलमेकेनची आई. मेंढीच्या शेपटीची चरबी लावून, छिद्रात ज्वारीच्या धांड्याची काडी घालून दोघींना उन्हात बसवलं होतं, आणि आइतबीकेने मैत्रिणीची काडी ओढून बघितली म्हणून मार खाल्ला होता.

"म्हणजे तू एवढंच विचारायला येत होतीस?" म्हातारी म्हणाली.

"दुसरं काय विचारणार?"

"मला वाटलं, आरेबेक कुठाय ते विचारायला."

सर्बिनाजला काही समजेना. उलमेकेनने सुरी ठेवली, हात राखेने चोळले, धुतले, ओढणीला पुसले. हे सगळं फार सावकाश चाललं होतं. मग ती आत गेली आणि चहाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आली. डबा सर्बिनाजच्या मांडीवर ठेवला, आणि स्वतः जरा लांब बसली, मार पडला तर चुकवता यावा तशी.

डब्यात कापसावर आरेबेक होती. दोन तुकड्यांत.

"हे फळीवरचं नाही," उलमेकेन म्हणाली. "हे आधीचं. मंगळवारचं. ती तेव्हा माझ्यापेक्षा जास्त बोलत होती. त्यामुळे सांगायला हरकत नाही. पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? घरची सून साक्षीला धरत नाहीत; बाहेरची एकटी तीच, आणि ती मातीखाली."

मग तिने सांगितलं. मंगळवारी दुपारी आइतबीके काठी टेकत टेकत तिच्याकडे आली होती. चहा मागितला, दोन वाट्या प्याली, आणि म्हणाली, तुझी कारखान्यातली पक्कड अजून आहे का? उलमेकेन मासे डबाबंद करायच्या कारखान्यात पेट्यांच्या तारा कापायची, तिची सगळी हयात त्यात गेली. पक्कड होती. आइतबीके उशीवर डोकं टेकून उताणी झाली आणि म्हणाली, काप.

उलमेकेन नको म्हणाली. हे काम पोरीने अंगावर घेतलंय, तिची वाट बघ, असं म्हणाली. तेव्हा आइतबीके जे बोलली ते उलमेकेनने जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाजही आइतबीकेसारखा ठसक्यात आला.

"ती म्हणाली, माझी पोरगी कोंबडी कापताना भिंतीकडे बघते. तिच्या हातात माझं नाक देऊ? एक थेंब रक्त आलं तर ती जन्मभर ते पुसत बसेल. तू मासे फाडणारी बाई, तुला काही वाटणार नाही. काप गं."

सर्बिनाजने तोंडावर हात ठेवला. हे आईचंच बोलणं होतं. दुसऱ्या कुणाला ते रचता आलं नसतं.

"मग?" ती म्हणाली.

"मग कापली. मला वाटलं एका ठिकाणी कापली की सुटेल, तर वेटोळं आतून धरून बसलेलं. पक्कडीने पिळून ओढली, तेव्हा निघाली. चिंबाईचं काम, असलं आता कोण घडवतंय? मॉस्कोवाल्यांनी मागितली तरी दिली नव्हती तिने, आणि मी तिचे दोन तुकडे केले. मी रडायला लागले. नाक तिचं, रक्त तिचं, आणि रडत होते मी."

"ओरडली का ती?"

"ओरडली? माझ्या सगळ्या खानदानाला मासेचोर म्हणाली. माझ्या आजोबांचं नाव घेऊन म्हणाली." उलमेकेनचे खांदे हलू लागले. "मग उठून बसली. बोट सारखं नाकाकडे. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना, तसं. लांब श्वास घेतला. भोकातून शीळ वाजली. मला म्हणाली, ऐकलंस? पुन्हा घेतला, पुन्हा वाजली. आम्ही दोघी हसून हसून आडव्या झालो. सून धावत आली, तिला वाटलं म्हातारीला झटका आला."

सर्बिनाज हसली. हसू मध्येच मोडलं आणि ती वाकून रडू लागली, आवाज न करता, डबा दोन्ही हातांनी धरून. उलमेकेनने तिला थांबवलं नाही. तिने फक्त माशांचं पातेलं जरा बाजूला सरकवलं, म्हणजे पोरीचं डोकं त्यात जाऊ नये.

बाकीचं हळूहळू निघालं. आइतबीके तुकडे मैत्रिणीपाशी ठेवून गेली होती, पोरगी आली की दे म्हणून. रुमाल नाकापर्यंत ओढून घरी गेली, बुधवारीही तो सोडला नाही, त्यामुळे घरात कुणाला दिसलं नाही. गुरुवारी पहाटे ती गेलीच. आणि मातीच्या दुसऱ्या दिवशी पालजादा दारोदार विचारत आली, आरेबेक कुणी पाहिली का? उलमेकेनला त्या प्रश्नात आळ ऐकू आला. डोकं धरणारी ती. तुकडे पक्कडीने कापलेले. आता ते घेऊन गेलं तर लोक काय म्हणणार? मेलेल्या मैत्रिणीच्या नाकातून ओरबाडली म्हणतील. मग तिला गुडघा झाला.

"चाळीस दिवस मी डबा कुठे कुठे लपवला तुला सांगू? कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा. कोंबडीला वाटलं अंडं आहे, ती त्याच्यावर बसली."

"शेशे, आम्ही कबर उघडायचं बोलत होतो."

म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. मग तिने जाकिटाचं गाठोडं स्वतःकडे ओढलं, उघडलं, मखमलीवरून हात फिरवला आणि ते खांद्यावर टाकलं. त्या उन्हात.

"आरेबेक कापली म्हणून तू रागावली नाहीस?"

"ती कापायचीच होती, शेशे."

"मॉस्कोवाले रागावतील."

"त्यांच्याकडे चित्र आहे."

सुनेने चहा आणला. सर्बिनाजने तो प्यायला, सोबत ज्वारीची भाकरी आणि खारा मासा खाल्ला. आज दुपारच्या पंगतीत तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तिने म्हातारीला मंगळवारचं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या खेपेला उलमेकेनने शीळ वाजवून दाखवली. तिच्या जुन्या छिद्रातून नाही वाजली, तोंडानेच वाजवावी लागली.

ती घरी आली तेव्हा एम्बेरगेन फाटकाशी उभा होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण फाटकावरचा हात काढला नाही.

"मंगळवारीच निघाली होती," सर्बिनाज म्हणाली. "आईने स्वतः जाऊन काढून घेतली. उलमेकेनकडून."

एम्बेरगेन उंबऱ्यावर बसला. मग विचारलं, "दुखलं असेल?"

"उलमेकेनच्या आजोबांना मासेचोर म्हणाली."

"होताच तो," एम्बेरगेन म्हणाला, आणि हसायला लागला, आधी नाकातून, मग मोठ्याने, डोळे पुसत. पालजादा आतून बघायला आली. त्याने तिला सांगितलं, मांस उरलं असेल तर आण, थंड असलं तरी चालेल, आम्हा दोघांनाही आण.